चार्ज लिस्टमध्ये लॉगिनचं पान कधी येणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने तुमच्या पेपरात नवीन डेटा कायद्यावर बऱ्याच बातम्या येतायत, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, मुख्य तरतुदी पाळायला नियमांनी दीड वर्षाची मुदत दिली, आणि सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो वगैरे. त्या २५० कोटींच्या आकड्याने संस्थाचालक मंडळी धास्तावलीत आणि दर पंधरा दिवसांनी कुठल्या ना कुठल्या कंपनीचा माणूस येऊन सांगतोय की आमचं सॉफ्टवेअर घ्या, ते तुमच्या सगळ्या फायली आपोआप वाचेल, कुठली खाजगी कुठली साधी ते ठरवून लेबल लावेल, तुम्हाला काही बघायलाच नको. मी एका जिल्ह्याच्या गावातल्या शिक्षण संस्थेत सोळा वर्षं संगणक विभाग बघते. आमच्या सात शाळा, दोन ज्युनिअर आणि एक सीनिअर कॉलेज. असं एक सॉफ्टवेअर आम्ही घेतलं, वापरलं, त्यात काय बिघडलं आणि नंतर काय जमलं ते सगळं माझ्या टेबलावरून गेलंय, म्हणून हे पत्र लिहितेय. लांब झालंय, पूर्ण छापायला जमलं नाही तर चार्ज लिस्टबद्दलचा, म्हणजे माणूस रिटायर झाला किंवा बदलला की कारभार सोपवताना जी यादी करतात तिच्याबद्दलचा भाग तेवढा तरी छापा ही विनंती.

आधी हे सॉफ्टवेअर आम्ही का घेतलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका शाळेत शिष्यवृत्तीची कागदपत्रं अपुरी असलेल्या मुलांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली. टाकणाऱ्या सरांचा हेतू चांगला होता, कोणाचा उत्पन्नाचा दाखला राहिलाय, कोणाचं बँक पासबुक राहिलंय हे पालकांना लवकर कळावं एवढाच. पण त्यांनी अख्खी एक्सेल फाईलच टाकली. त्यात नाव, जात, उत्पन्न, आधार नंबर, खाते नंबर आणि शेवटच्या कॉलमात शेरा. एका मुलीच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं होतं, 'वडील मयत, शेतकरी आत्महत्या'. तो शेरा कशासाठी होता तर तिला फीमध्ये सवलत द्यायची होती म्हणून भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या क्लार्कनी, आठवणीला लिहून ठेवलेला. दुसऱ्या दिवशी तिची आई ऑफिसात आली. ओरडली नाही, भांडली नाही, खुर्चीच्या टोकावर बसून एवढंच म्हणाली की मॅडम, तिनं वर्गात सांगितलं होतं की पप्पा अपघातात गेले, आता ती शाळेला यायला तयार नाहीये. ग्रुपवरून फाईल डिलीट केली होती पण तोपर्यंत किती जणांनी डाउनलोड केली होती देव जाणे. त्या बाईंना सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. मुलगी दोन आठवड्यांनी परत आली, पण त्या वर्षी ती गॅदरिंगला नाही की सहलीला नाही.

तर त्यानंतर सचिव साहेबांनी लगेच पैसे मंजूर केले आणि ऑटोमॅटिक वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर आलं. ह्या सॉफ्टवेअरचं काम साध्या भाषेत सांगायचं तर असं की सर्व्हरवर आणि मेलमध्ये जी जी फाईल असेल ती ते उघडून वाचतं आणि ठरलेले नमुने शोधतं. म्हणजे बारा आकडी नंबर दिसला, तो ० किंवा १ ने सुरू होत नाहीये आणि त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांच्या गणिताशी जुळतोय, तर तो आधार असणार. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर असं दिसलं तर पॅन, आणि त्यातही चौथं अक्षर पी असेल तर एखाद्या व्यक्तीचा पॅन. असे नमुने तयारच येतात, शिवाय आपण आपले शब्द घालू शकतो. सापडलं की फाईलला लेबल लागतं. आम्ही चार लेबलं ठेवली होती, जाहीर, अंतर्गत, खाजगी आणि अतिखाजगी. लेबल लागलं की त्यावरून ठरतं की ही फाईल कोण उघडू शकतं, कोण मेलने बाहेर पाठवू शकतं, कोणाला प्रिंट काढता येते. आणि 'कोण' हे ठरतं युजरच्या रोलवरून, म्हणजे वर्गशिक्षक, परीक्षा विभाग, शिष्यवृत्तीचे भाऊसाहेब, अकाउंट, मुख्याध्यापक असे रोल. लेबल आणि रोल ही एकाच कुलपाची दोन अंगं आहेत हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आम्ही सगळा जीव लेबलांवर लावला आणि रोल जसे जुने होते तसेच ठेवले.

पहिल्या महिन्याचा रिपोर्ट आला तेव्हा मला खूप आनंद झाला होता, हजारो फायलींवर लेबलं लागलेली. मग मी सहज म्हणून ती ग्रुपवर गेलेली फाईल शोधली, मूळ यादी, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं. तिच्यावर लेबल होतं 'अंतर्गत'. म्हणजे स्टाफपैकी कोणीही उघडा.

का झालं असं ते शोधायला मला दोन दिवस लागले. आमच्या भाऊसाहेबांची सगळी कामं वीस वर्षं जुन्या फॉन्टमध्ये आहेत, सुरेख, योगेश, श्रीलिपी, जो ज्या कॉम्प्युटरला असेल तो. ज्यांनी ह्या फॉन्टांवर काम केलंय त्यांना माहितीये, फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कारण फाईलच्या पोटात खरं तर मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा आकार देतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या नव्या पद्धतीत, तसं नाही, तिथे 'ज' हा 'ज'च असतो. तर सॉफ्टवेअर जेव्हा 'जात', 'उत्पन्न', 'मयत' हे शब्द शोधत होतं तेव्हा त्याच्या दृष्टीने त्या फाईलमध्ये मराठीचा एक शब्दही नव्हता. आणि आधार नंबर? काही नवीन याद्या युनिकोडमध्ये होत्या पण तिथे आकडे मराठी, २ ३ ४ असे, आणि आमच्या नियमात फक्त इंग्रजी आकडे धरलेले. सगळ्यात जास्त खाजगी असलेले कागद तर फोटो होते, पालकांनी मोबाइलवर काढून पाठवलेले जातीचे दाखले, आधार कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, तिरके, अंगठा मध्ये आलेले, त्यातलं अक्षर वाचायची सोय आम्ही घेतलेल्या पॅकेजमध्ये नव्हतीच, तिचे वेगळे पैसे. म्हणजे इंग्रजीत टाइप केलेली प्राध्यापकांची मीटिंगची नोटीस त्या सॉफ्टवेअरला नीट कळत होती आणि गरिबाघरच्या पोरांचे कागद त्याला दिसतच नव्हते. हे लिहिताना मला आजही त्रास होतो.

उलट बाजूने काय, तर जिथे काही नाही तिथे अतिखाजगी. आमच्या बससेवेच्या यादीत पालकांचे मोबाइल नंबर पुढे ९१ लावून लिहिलेले असतात. ९१ आणि दहा आकडे म्हणजे बारा आकडे. शेवटच्या आकड्याची पडताळणी दहापैकी साधारण एका नंबरला योगायोगानेच जुळते, मग तीनशे पालकांच्या यादीत तीसेक 'आधार नंबर' सापडणार हे उघड आहे. ती यादी अतिखाजगी झाली आणि बसच्या ड्रायव्हरला, ज्याला ती रोज सकाळी लागते, त्याला उघडेना.

आता पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची शेवटची तारीख होती, संध्याकाळचे पाच वाजलेले, साइट आधीच संथ, बाहेर व्हरांड्यात पालक उभे, आणि भाऊसाहेबांना कॉलेजकडून आलेली फाईल उघडेना कारण तिच्यावर अतिखाजगी लेबल आणि त्यांचा रोल 'सामान्य कर्मचारी'. त्यांनी मला फोन केला, मी त्यांचा रोल बदलला, पाच मिनिटांनी दुसऱ्या शाळेतून फोन, मग तिसऱ्या. सव्वासहाला वरून निरोप आला, सगळ्यांना ऍडमिन करून टाका, आज फॉर्म गेले पाहिजेत, बाकी उद्या बघू. आणि मी केलं. माझ्या हाताने केलं. पोरांचे फॉर्म गेले आणि ते जायलाच हवे होते, एकाही मुलाची शिष्यवृत्ती आमच्या कुलपामुळे बुडली असती तर ते जास्त वाईट झालं असतं. पण तो उद्या आठ महिने आला नाही. आठ महिने आमच्या संस्थेत ज्याच्याकडे लॉगिन आहे तो प्रत्येक जण कुठलीही फाईल उघडू शकत होता, कुठलंही लेबल काढू शकत होता, नवीन युजर बनवू शकत होता, आणि कागदावर मात्र आमच्याकडे ऑटोमॅटिक डेटा वर्गवारी होती, तिचा रंगीत रिपोर्ट दर महिन्याला मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये ठेवला जायचा.

म्हणून मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की लेबल मशीन लावू शकेल, चुकत माकत का होईना लावेल, आणि आपण शिकवलं तर सुधारेलही, पण किल्ली कोणाच्या हातात आहे हे माणसांनी बसून ठरवावं लागतं आणि पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. ते केलं नाही तर लेबलाला काही अर्थ राहत नाही.

आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत हा शब्द चुकीचा आहे, खरं तर वाईट वाटायची गोष्ट आहे की शाळेतल्या माणसांना हे काम उत्तम येतं. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका बघा. परिरक्षक वेगळा, केंद्रसंचालक वेगळा, पेपर आणणारा सहायक परिरक्षक वेगळा, कोणी कधी कुठलं पाकीट हातात घ्यायचं ते ठरलेलं, पाकीट वर्गात मुलांसमोर फुटतं, सह्या होतात, वेळ लिहिली जाते. पेपर संपला की तोच कागद कोणीही बघा, त्याची गोपनीयता संपली. म्हणजे वर्गवारी आहे, रोल आहेत, नोंद आहे आणि कधी काय खुलं करायचं तेही आहे. सर्व्हिस बुक कपाटात, चावी हेडक्लार्ककडे. कॅश बुकवर लिहिणारा एक, सही करणारा दुसरा. हे सगळं आमच्या अंगात मुरलेलं आहे, फक्त ती फाईल कॉम्प्युटरवर गेली की आपल्याला वाटतं आता हे संगणक विभागाचं काम, आपलं नाही.

मी आठ महिन्यांनी जेव्हा युजर लिस्ट उघडून बसले तेव्हा पहिलं नाव सापडलं ते आमच्या एका हेडक्लार्कचं, जे चार वर्षांपूर्वी रिटायर झालेत. त्यांचं लॉगिन चालू होतं, नुसतं चालू नाही, आदल्या दिवशी दुपारी वापरलेलं होतं. मी घाबरले, त्यांना घरी फोन केला, ते बिचारे नातवाला शाळेतून आणायला निघाले होते, म्हणाले मॅडम मी तर तो पासवर्ड विसरलोसुद्धा. मग शोध घेतला तर त्या शाळेत पाच जण ते लॉगिन वापरत होते, दोन क्लार्क, एक कंत्राटी ऑपरेटर, एक शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक, पासवर्ड मॉनिटरच्या मागे चिकटवलेला. कोणाच्याही मनात पाप नव्हतं. नवीन क्लार्कला स्वतःचं लॉगिन द्यायला कोणाला सुचलंच नाही आणि काम तर अडलं होतं. पण उद्या त्या लॉगिनवरून एखाद्या मुलाची जन्मतारीख बदलली असती, तर नोंद कोणाच्या नावावर पडली असती? निवृत्तीनंतर घरी बसलेल्या माणसाच्या.

हे आमच्यापुरतं नाहीये. शिक्षकांच्या पगाराची जी शालार्थ प्रणाली आहे त्यातलं नागपूर विभागातलं बोगस आयडींचं प्रकरण २०२५ मध्ये गाजलं, त्यात कोण दोषी ते तपास आणि कोर्ट ठरवेल, पण लॉगिन कोणाचं आणि वापरलं कोणी हा प्रश्न तिथेही आलाच. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर क्लार्कचं लॉगिन वेगळं आणि प्राचार्यांचं वेगळं ठेवलंय, एकाने तपासायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं म्हणून, चांगली रचना आहे. पण आमच्याकडे दोन्ही पासवर्ड एकाच वहीत लिहिलेले होते आणि दोन्हीकडे बटण दाबणारा माणूस एकच. एका माणसाकडे दोन्ही रोल गेले की तपासणारं कोणी राहत नाही.

मग चार्ज लिस्ट. शाळेतले सगळे वाचक ओळखतीलच. मुख्याध्यापक किंवा हेडक्लार्क रिटायर होतात किंवा बदली होते तेव्हा चार्ज देतात-घेतात. त्यात काय नसतं, जनरल रजिस्टर किती, कॅश बुक, चेकबुक, शिक्के, कपाटांच्या चाव्या, डेडस्टॉक रजिस्टरप्रमाणे खुर्च्या, टेबलं, घंटा, अगदी तुटका ग्लोबसुद्धा. देणार, घेणार, साक्षीदार, तिघांच्या सह्या. मी आमच्या संस्थेतल्या जुन्या सगळ्या चार्ज लिस्ट काढून बघितल्या, एकातही लॉगिनचा उल्लेख नाही. ज्या माणसाच्या हातून अकराशे मुलांचे आधार नंबर, जातीचे दाखले, बँक खाती जातात तो चार्ज देताना तुटक्या ग्लोबचा हिशोब देतो आणि लॉगिन तसंच मागे राहतं. आम्ही आता त्यात एक पान वाढवलंय. ह्या माणसाकडे कुठली कुठली लॉगिनं आहेत, कुठल्या लॉगिनला कुठला रोल, कुठल्या मोबाइलवर ओटीपी जातो, कुठल्या तारखेला बंद केलं, नवीन माणसाला कुठलं नवीन दिलं. पासवर्ड लिहायचा नाही, जुनं लॉगिन नवीन माणसाला द्यायचं नाही, नवीन माणूस म्हणजे नवीन लॉगिन. संगणक विभागाची सही झाल्याशिवाय चार्ज पूर्ण धरत नाही. बदली झालेल्याचंही तसंच, कारण रिटायर माणसापेक्षा बदलीवाल्याचा घोळ मोठा असतो. परीक्षा विभागातून अकाउंटला आलेल्या मॅडमकडे परीक्षेचा ऍक्सेस तसाच राहतो आणि वर अकाउंटचा मिळतो, मग लायब्ररी, मग ऑफिस, दहा वर्षांनी त्या माणसाकडे संस्थेतली प्रत्येक किल्ली असते आणि त्यालाही ते माहीत नसतं. ज्याला जेवढं काम तेवढाच अधिकार हे तत्त्व कॉम्प्युटरच्या शास्त्रात सॉल्टझर आणि श्रोडर ह्या दोघांनी १९७५ मध्येच मांडून ठेवलंय, आमच्याकडे ते अजून यायचंय.

वर्गवारीचं आम्ही काय केलं तेही सांगते, कारण कंपनीचा माणूस हे तुम्हाला सांगणार नाही. पहिलं म्हणजे कुठलंही लेबल लगेच लागू करायचं नाही. ह्या प्रकारच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नुसतं बघण्याची सोय असते, म्हणजे लेबल लावलं असतं तर कुठे लागलं असतं एवढंच ते दाखवतं, काही अडवत नाही. आम्ही दोन महिने तसं ठेवलं आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोन भाऊसाहेब, एक शिक्षिका आणि मी असे बसून शंभर शंभर फायली हाताने तपासल्या, इथे बरोबर, इथे चूक, इथे सुटलं. हे काम त्यांच्याशिवाय झालंच नसतं. मला कॉम्प्युटर कळतो पण 'टी.सी. पेंडिंग' नावाच्या फोल्डरमध्ये कोणाच्या घरात काय घडलंय ते असतं हे भाऊसाहेबांनाच माहीत. त्यांनीच सांगितलं की शेरा हा कॉलम जिथे असेल ती फाईल डोळे झाकून खाजगी धरा. एवढा उत्तम नियम कुठल्याच तयार पॅकेजमध्ये आला नव्हता. जुन्या फॉन्टच्या फायली युनिकोडमध्ये बदलायचं काम अजून चालू आहे, जिथे झालं नाही तिथे फोल्डरवरूनच लेबल लावतो, शिष्यवृत्तीच्या फोल्डरमध्ये जे पडेल ते अतिखाजगी, आत काय आहे ते मशीनला कळो न कळो. मराठी आकडे नियमात घातले. ९१ ने सुरू होणारा नंबर आजूबाजूला 'आधार' शब्द असेल तरच धरायचा असं केलं, त्यात एखादा खरा सुटेल हे माहीत आहे, पण बसची यादी रोज अडण्यापेक्षा ते बरं, आणि ते आम्ही चौघांनी मिळून ठरवलं, मशीनने नाही.

लेबल चुकलं तर भाऊसाहेबांना ते स्वतः उतरवता येतं, पण कारण लिहावं लागतं आणि ते कारण मुख्याध्यापकांना दिसतं. ह्या एका सोयीमुळे शेवटच्या तारखेला फोन येणं बंद झालं, काम अडत नाही आणि नोंदही राहते. पूर्ण ऍडमिन आता फक्त दोघं, मी आणि सीनिअर कॉलेजचे एक सर, आणि आम्ही दोघंही रोल नुसता तयार करतो, मंजुरी त्या त्या मुख्याध्यापकांची. माझ्या स्वतःच्या रोजच्या कामाच्या लॉगिनला मुलांच्या फायली उघडत नाहीत, ऍडमिनचं लॉगिन वेगळं आहे आणि त्याची नोंद माझ्याशिवाय दुसऱ्याकडे जाते. सचिव साहेबांशी ह्यावर बोलणं अवघड गेलं. त्यांचं म्हणणं, संस्था माझी, मला सगळं दिसलं पाहिजे. मी म्हटलं साहेब, संस्थेचे सगळे आकडे तुम्हाला दिसतील, किती मुलं, किती शिष्यवृत्ती, किती पैसे अडकले, पण एखाद्या मुलीच्या घरी काय झालं ते बघायची तुम्हाला रोज काय गरज पडते, आणि पडली तर मुख्याध्यापकांकडून मागवा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी सही केली. मला त्यांचा फार आदर वाटला त्या दिवशी.

कायद्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे कारण ती कुठल्याच बातमीत मी वाचली नाही. २०१९ च्या जुन्या विधेयकात 'संवेदनशील वैयक्तिक डेटा' अशी वेगळी वर्गवारी होती आणि तिच्यात जात किंवा जमात हेही होतं. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २०२३ च्या कायद्यात अशी वेगळी वर्गवारीच नाही, सगळा वैयक्तिक डेटा एकाच मापाने. ह्याचा अर्थ कायदा तुम्हाला सांगणार नाही की जातीचा दाखला आणि बसचा थांबा ह्यात फरक करा, तो फरक संस्थेने करायचा आहे. परदेशातून आलेल्या तयार पॅकेजला आधार आणि पॅन ओळखता येतो कारण त्यांचा नमुना ठरलेला आहे, पण 'जात' ही काय चीज आहे आणि ती वर्गातल्या इतर मुलांना कळल्यावर मधल्या सुट्टीत काय होतं, हे त्या पॅकेजला कसं कळणार. ते आपल्याला माहीत आहे ना, मग आपणच ते नियमात घातलं पाहिजे. आणि आमच्या शाळांतली आणि ज्युनिअर कॉलेजांतली जवळपास सगळी मुलं अठराच्या आतली आहेत, ज्यांच्या बाबतीत कायदा पालकांची पडताळता येणारी संमती मागतो, म्हणजे जबाबदारी मोठ्या माणसांच्या डेटापेक्षा जास्तच. डेटा फुटला तर ज्यांचा आहे त्यांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा असंही नियमांत आहे. पाच जण एका लॉगिनवर असतील तर ७२ तासांत तुम्ही काय तपशील देणार? कोणी उघडली फाईल? नियमांप्रमाणे लॉग, म्हणजे कोणी कधी काय उघडलं त्याच्या नोंदी, किमान एक वर्ष ठेवायचेत, पण लॉगमध्ये रिटायर माणसाचंच नाव असेल तर तो ठेवून काय उपयोग.

शिक्षण विभागाला माझी हात जोडून विनंती आहे की चार्ज लिस्टच्या नमुन्यात लॉगिनचं पान घालायचं एक परिपत्रक काढा, त्याला एक रुपया खर्च नाही. आणि कुठलंही पोर्टल काढताना शाळेला एकच लॉगिन देऊ नका, माणसाला द्या, कारण फॉर्म शाळा भरत नाही, शाळेतला एक माणूस भरतो. पतसंस्था, दवाखाने, मोठ्या सोसायट्या चालवणाऱ्यांनीही ही यादी आपापल्याकडे काढून बघावी, माझ्या ओळखीच्या एका पतसंस्थेतल्या ताईंनी काढली तेव्हा सोडून गेलेल्या पिग्मी एजंटचं लॉगिन चालू सापडलं.

हे पत्र आत्ताच लिहायचं कारण ३१ मे. आपल्याकडे जुन्या लोकांच्या जन्मतारखा शाळेत घालताना १ जूनच लावलेल्या, त्यामुळे ३१ मेला महाराष्ट्रभर एकाच दिवशी कितीतरी मुख्याध्यापक, क्लार्क, शिक्षक रिटायर होतात, हार-नारळ होतो, फोटो होतात, चार्ज दिला जातो. आमच्याकडे ह्या वेळी तिघं आहेत. त्यातले एक ते शिष्यवृत्तीचे भाऊसाहेब, शेऱ्याचा नियम सांगणारे. त्यांच्या नावावर अकरा लॉगिनं निघाली, त्यातल्या चारांची त्यांना स्वतःलाच आठवण नव्हती. मागच्या शनिवारी आम्ही दोघं बसून एकेक बंद करायला घेतली, शेवटची दोन त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो म्हणून ३१ तारखेला दुपारी चार वाजता करायची ठरलीत, निरोप समारंभाच्या आधी.

आपली,
शिक्षण संस्थेच्या संगणक विभागातील एक कर्मचारी
(कृपया नाव आणि गाव प्रसिद्ध करू नये)